नथ बसेना

चांदीच्या मुखवट्याचे ते प्रकरण अजून माझ्या मनातून उतरलेले नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, पण इथे मी दोन दिवस चुकीच्या माणसाला समोर बसवून ठेवले होते. म्हणून लिहितो. गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही.

रोह्याकडच्या एका गावातले देवीचे देऊळ. नोंदणी झालेला ट्रस्ट, पाच विश्वस्त. शिमग्याची पालखी नऊ दिवसांवर आली होती. अध्यक्ष आणि चिटणीस सकाळी पोलीस ठाण्यात आले आणि पंच्यात गुंडाळलेला मुखवटा माझ्या टेबलावर ठेवला. पालखीसाठी चिंचेने घासताना हनुवटीपाशी पिवळा रंग दिसू लागला होता.

मी दोन पंच बोलावले आणि बाजारातल्या सराफाकडून वजन करून घेतले. ट्रस्टच्या मालमत्ता नोंदवहीत एक हजार आठशे चाळीस ग्रॅम होते. काट्यावर एक हजार चारशे पासष्ट भरले. पावणेचारशे ग्रॅमची तूट. सराफ म्हणाला, "साहेब, हे पितळ. वर नुसता चांदीचा मुलामा." पंचनामा केला, मुखवटा सील केला, गुन्हा नोंदवला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या टपालात एक चिठ्ठी आली. सही नव्हती. ‘गुरवाला विचारा. त्याने पेणच्या कारखान्यात साचा काढला.’

देवीची रोजची पूजा गुरवाच्या घराण्याकडे होती. दोन भावांत वर्षाआड पाळी, आणि ते वर्ष धाकट्याचे होते. पूजेचा तांदूळनारळ आणि ट्रस्टची दोन खंडी भाताची जमीन, यावर घर चालायचे. मी त्याला बोलावले. सकाळी दहाला यायचा, संध्याकाळी सोडायचो.

"मुखवटा तुमच्याच हातात असतो ना?"

"कपाट उघडून देतात तवा घेतो, साहेब. तीन कुलपं, तीन चाव्या, तीन मानसं. माझ्याकडं एक बी नाय."

"पेणला कधी गेला होतात?"

"गणपती आणायला. सगळंच गाव जातंय."

उत्तर सरळ होते, आणि त्यामुळेच माझा संशय वाढला. सराईत माणूसही असाच सरळ बोलतो, हे मी वीस वर्षे पाहिले होते. तिकडे ट्रस्टने त्याच रात्री बैठक घेऊन त्याची पाळी काढली आणि पगारी पुजारी नेमला. थोरल्या भावाने तोंड उघडले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरवाची बायको डबा घेऊन आली. ठाण्याच्या पायरीवर बसून आमच्या महिला शिपायाला सांगत होती, "नथ बसेना तवाच मी बोलले व्हते. पन बाईचं कोन ऐकतंय?"

मी बाहेर येऊन विचारले, "कसली नथ?"

ती उठून उभी राहिली. त्या देवळात देवीला नथ घालायचा मान गुरवाच्या घरच्या बाईचा. पुरुष नथीला हात लावत नाहीत. नथ जुनी, तिची तार जाड.

"गेल्या शिमग्याला सहज बसली. नवरात्रात बसेना. मुखवट्याचं भोकच बारीक. मग दोऱ्यानं बांधली."

"कोणाला सांगितलंत?"

"चिटनीसभाऊंना. ते हसले. म्हनले, काय गो, देवीचं नाक लहान झालं काय?"

"नवऱ्याला?"

"त्यांना सांगून काय करू? ते म्हनले असते, तूच वाकडी घालतेस."

मी तिचा जबाब नोंदवला. आता मला अवधी मिळाला होता: गेला शिमगा ते नवरात्र, सात महिने. गुरवाला त्या दुपारी घरी पाठवले आणि मी पेणला गेलो.

पेणमध्ये गणपतीचे कारखाने शेकड्याने. दोन शिपाई घेऊन फिरलो, दीड दिवस गेला. शेवटी एका मूर्तिकाराने फोटो बघताच मान हलवली.

"ह्याचा साचा मीच काढला, साहेब. ऐन गणपतीच्या घाईत. एक गृहस्थ कमिटीच्या लेटरहेडवर पत्र घेऊन आले होते. खरा मुखवटा बँकेत ठेवणार, पालखीला नकल पाहिजे, असं लिहिलेलं. पितळेचं काम दुसरीकडे झालं, ते तेच गृहस्थ घेऊन गेले."

"नाकाचं भोक बारीक कसं?"

"साच्यात भोक भरून जातं. नंतर पाडायला लागतं. मी त्यांना विचारलं होतं, नथीची तार केवढी? म्हणाले, पाडा अंदाजानं."

पत्राची प्रत त्याने जपून ठेवली होती. खाली चिटणिसाची सही होती. पण कुलपे तीन होती, आणि चिटणिसाकडे चावी एकच; बाकी दोन अध्यक्ष आणि खजिनदाराकडे. मी देवळातली कपाट उघडण्याची नोंदवही मागवली. वर्षात चौदा वेळा कपाट उघडले होते, प्रत्येक वेळी ‘तिघांच्या समक्ष’ आणि तीन सह्या. खजिनदार जवळच्या कंपनीत कामाला होता. त्याच्या कंपनीचा हजेरीपट मागवून तारखा जुळवल्या. चौदापैकी सहा वेळा तो पहिल्या शिफ्टला होता.

"मग सही कशी केलीत?" मी विचारले.

खजिनदाराने रुमालाने मान पुसली. "पान भरलं की एकदम करायचो. चावी चिटणिसाकडेच ठेवलेली. अध्यक्षांनी पण. ते पेणला मुलाकडे राहतात, मी शिफ्टला. सणासुदीला कोण धावणार? माणूस विश्वासाचा होता."

तीन चाव्या एकाच घरात, एकाच खिळ्याला होत्या. हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, फक्त कागदाला नव्हते.

चिटणिसाला बोलावले तेव्हा त्याने आधी कायदा सांगितला, मग ओळखी सांगितल्या. मी देवळातून आणलेली नथ आणि तो मुखवटा पंचांसमक्ष त्याच्यापुढे ठेवला. "बसवा."

त्याने नथ उचलली, उलटसुलट केली आणि उजव्या नाकपुडीला लावू लागला. भोक डावीकडे होते. मग डावीकडे लावली, तार आत जाईना. मी विचारले, "साचा पेणला काढला हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला कसं ठाऊक? तोवर तर पेणचं नाव आम्हालाही माहीत नव्हतं." त्याने नथ मुखवट्याशेजारी ठेवली. म्हणाला, "पाणी द्या."

पाणी पिऊन त्याने जागा सांगितली. खरा मुखवटा त्याच्या मेहुण्याच्या घरी भाताच्या कणगीत मिळाला. गिऱ्हाईक ठरायचे होते म्हणून वितळला नव्हता. वजन एक हजार आठशे अडतीस ग्रॅम. दोन ग्रॅम इतक्या वर्षांच्या घासण्यात गेले असावेत. तेही पंचनाम्यात लिहिले.

तो प्रश्न मी चिठ्ठी हातात आली त्याच दिवशी विचारायला हवा होता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक निनावी कागदावर मी तो आधी विचारला: लिहिणाऱ्याला हे कसे कळले? आणि एक शिकलो. देवळात काही कमी झाले की संशय देवाला रोज हात लावणाऱ्यावर जातो. कपाटाला हात लावणारा त्यातून सुटतो, कारण त्याचे नाव पावतीपुस्तकावर छापलेले असते.

कोर्टाच्या हुकमाने मुखवटा पालखीपुरता ट्रस्टच्या ताब्यात दिला. त्या दिवशी सभामंडपात गावाची बैठक झाली. बंदोबस्त म्हणून मी होतो. अध्यक्ष म्हणाले, "तिसरी चावी आता वहिनींकडे ठेवू. त्यांच्यामुळेच सापडलं."

गुरवाची बायको खांबाआडून पुढे आली. "चावी नको मला. चावी घरात आली की लोकांचे डोळे बी घरात येतात. ह्यांची पाळी द्या."

"पाळी ठरावाने काढली, वहिनी. आता धर्मादाय कार्यालयाला विचारून..."

"काढताना कोनाला विचारलं व्हतं? एका रातीत काढलीत ना?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सही नसलेल्या कागदावरून मी या माणसाला दोन दिवस बसवून ठेवलं. चूक माझी. हे तुमच्या इतिवृत्तात लिहा, मी खाली सही करतो." लिहिले गेले. मी सही केली, तारीख घातली.

मग पाळी परत देण्याचा ठराव मतास टाकला. मंडपात तेवीस माणसे होती. मी हात दोनदा मोजले, बावीसच भरले. तेविसावा कोण, म्हणून वळून पाहिले. गुरव बैठकीतून केव्हाच उठला होता आणि देवीच्या पूजेच्या पाण्यासाठी कळशी घेऊन विहिरीकडे निघाला होता.