पाठमोरा बाक

आमच्या शाळेत कॅन्सर हा शब्द मोठ्यानं उच्चारणारी एकच व्यक्ती होती, आणि तो तिलाच झाला होता. बाकी आम्ही सगळे 'तो आजार' म्हणत असू, तेही आवाज खाली आणून. भूगोलाच्या साळवे बाई मुंबईहून उपचार घेऊन, डोक्याला सुती रुमाल बांधून पुन्हा हजर झाल्या, तेव्हा शिक्षकखोलीत इतकी शांतता पसरली की शिपायानं चहाचे कपसुद्धा आवाज न करता ठेवले. बाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "कुजबुजू नका," त्या म्हणाल्या, "कॅन्सरला कान नसतात. मला आहेत."

बाई मूळच्या शेवगावच्या, राहायला भिंगारला. यजमान लष्कराच्या कचेरीत नोकरीला. वर्गात बाईंची मराठी पुस्तकासारखी स्वच्छ, पण राग आला की आतलं शेवगाव बाहेर पडे. "आपल्या जिल्ह्यात पाऊस कुठं पडतो?" हा त्यांचा मुलांना ठरलेला प्रश्न, आणि उत्तरही त्यांचंच, "नकाशात!" मी विज्ञान शिकवायचो. मला माफी मागायची सवय. खडू मोडला तरी कुलकर्णी फळ्याची माफी मागतात, असं बाई सगळ्यांना सांगत. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या वर्षी नगरच्या पुष्पप्रदर्शनात कमी पाण्यावरच्या बागांची स्पर्धा ठेवली होती. शाळेचा वाफा माझ्याकडे आला. बाई आजारी असताना मी एकदाही त्यांना भेटायला गेलो नव्हतो. ते मनाला खात होतं, म्हणून मी ठरवलं की बाग कॅन्सरच्या रुग्णांसाठी करायची. शांत, धीर देणारी. आराखडा घेऊन मी भिंगारला गेलो. त्यात मोगऱ्याचे ताटवे होते, पांढरे गोटे होते, विजेवर चालणारा छोटा धबधबा होता आणि मधोमध बुद्धाची मूर्ती. मूर्तीचा विचार खास बाईंसाठी केला होता, हे मी त्यांना आवर्जून सांगितलं.

बाईंनी लाल पेन काढलं. पेपर तपासायचं.

"बुद्ध आमच्या घरात आहे, कुलकर्णी. तुमच्या बागेत त्याला माळीकामाला कशाला लावता?" पहिली फुली. "शेवगावात नळाला पाणी न्हाई, आन् तुमी ते दगडावरून उड्या मारायला लावनार!" दुसरी. "आणि मोगरा? औषधं चालू असताना घरात उदबत्ती लावली तरी मी मोरीकडं धावायचे. अजूनही तेच. पेशंट बसवायचेत की पळवायचेत?"

"माफ करा, बाई," मी म्हणालो.

"मोगऱ्याची मागा."

मग त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक भिंत काढली. कमरेएवढी, मातीनं लिंपलेली. भिंतीलगत तरवडाची झुडपं, खाली मुरूम, कडेनं कोरफड आणि वाळकं गवत. भिंतीसमोर एक बाक. त्यावर बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे.

"पण बाई, हे तर प्रदर्शन आहे. लोकांना पाठ कशी दाखवायची?"

"वर्षभर अख्ख्या नगरनं माझं तोंड वाचून काढलंय. घरी भेटायला येणारे, शाळेत तुम्ही, विहारात शेजारणी. मला एक जागा पाहिजे, जिथं कुणासाठी बरं दिसावं लागत नाही. तेवढी करा. पहिल्या दिवशी मीच येऊन बसते."

आम्ही तशी बाग केली. खरं सांगायचं तर ती बाग वाटतच नव्हती. रानातला एखादा कोपरा उचलून आणल्यासारखी दिसे. पण संध्याकाळी त्या बाकावर बसलं की भिंतीवर तरवडाची सावली हलायची आणि उठावंसं वाटत नसे.

उद्घाटनाच्या सकाळी मुख्याध्यापक आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. "अहो, ही वाळलेली दिसते! आमदारसाहेब येणार आहेत." दुष्काळात तगणाऱ्या बागेसाठी टँकर आला. मुरमाचा चिखल झाला. भिंतीवर झेंडूच्या माळा चढल्या, गुलाबपाणी शिंपडलं, उदबत्त्यांचा जुडगा पेटला. "आणि बाक फिरवा हो. बाईंचा सत्कार त्यावरच करू, फोटोत चेहरा यायला हवा." बाकाचं एक टोक शिपायानं धरलं. दुसरं मी.

बाई आल्या त्या नवी साडी नेसून. खरंच बसायला आल्या होत्या. फाटकातच त्यांनी नाकाला पदर लावला. मुख्याध्यापक शाल सरसावून म्हणाले, "बसा ना बाई, ही तुमचीच बाग!" बाईंनी तो फिरवलेला बाक पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. त्या पुढे झाल्या, उदबत्त्यांचा जुडगा उपटला आणि पेटती बाजू खाली करून चिखलात रोवला. चर्रर्र असा आवाज झाला. मग माइक हातात घेऊन म्हणाल्या, "टँकर आल्यावर कुणीबी तगतं, साहेब." आणि घरी निघून गेल्या. टाळ्या कडकडून पडल्या. आमदारांना वाटलं, टँकरचं कौतुक झालं.

आमच्या बागेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी टवटवीतपणाचा खास उल्लेख केला. आठवड्याभरात कोरफड सडली.

प्रदर्शन उठल्यावर तरवड आणि बाक टेम्पोत घालून मी भिंगारला नेले. बाईंनी परसात कुंपणाच्या भिंतीसमोर बाक ठेवून घेतला. पुढे आजार उलटला. त्या शाळेत येईनाशा झाल्या. लोक भेटायला जात, तेव्हा त्यांना आधी बाईंची पाठच दिसे. बऱ्याचजणांना तो अपमान वाटला. काहीजण दारातूनच परत फिरले. बाईंना तेच हवं होतं.

शेवटचा गेलो, तेव्हा मी सगळं पाठ करून गेलो होतो. आजारपणात आलो नाही ते, बाकाचं टोक उचललं ते. "बाई, मला माफ..."

"बसा. आन् गप बसा."

मी शेजारी बसलो. समोर भिंत. तरवडाला पिवळी फुलं आली होती. बाईंच्या डोक्यावर रुमाल नव्हता, पण मी तिकडे पाहिलं नाही. आतून कुणीतरी चहा ठेवून गेलं, तो निवला. ऊन भिंतीवरून खाली उतरत गेलं. माझी माफी घशाशी येऊन येऊन शेवटी तिथंच विरली. मी निघायला उठलो, तेव्हा बाई भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, "आज जमली बाग तुम्हाला."

बाई गेल्यावर साळवेसाहेबांनी तो बाक माझ्याकडे पाठवून दिला. मी तो अंगणात भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. संध्याकाळी त्यावर बसतो. बायको दारातून विचारते, "भिंतीला काय बघता एवढं? रंग द्यायचाय का?"

मी तिला "माफ कर" म्हणत नाही. सरकून जागा करून देतो.