बहिरूअण्णांनी केलेली यादी

बहिरूअण्णा गांगुर्ड्यांना उभ्या आयुष्यात एकाच माणसाने ‘साहेब’ म्हटलं, आणि तेवढ्यावर त्यांनी त्रेचाळीस घरं ओवाळून टाकली.

चौतीस वर्षं ते महसूल खात्यात शिपाई होते. साहेबांना पाणी देणं, फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेणं, आणि ज्याच्या नशिबात असेल त्याच्या दारावर नोटीस डकवून येणं, एवढंच काम. अक्षर मात्र असं, की कारकूनही लाजावा. म्हणून कचेरीतले निम्मे पंचनामे अण्णांच्याच हातचे. खाली सही कारकुनाची, शिव्या अण्णांना. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ मिळाला, पण भाषणात साहेबांना त्यांचं आडनाव काही आठवलं नाही. अण्णा नारळ घेऊन सोनतळ्याला परत आले आणि ओट्यावर बसले. गावाने त्यांना विचारायचं कारण नव्हतं, आणि विचारलंही नाही.

मग आमदार तात्यासाहेब आले. तात्यासाहेबांचा मतदारसंघ निफाडच्या बाजूचा आणि बंगला नाशकात, इंदिरानगरला. अधिवेशन संपलं की ते चार पानी रंगीत पत्रक काढत : सभागृहात आम्ही काय विचारलं, सरकार काय म्हणालं, पुढे कोणते कायदे येणार. ते पत्रक गावोगाव सभामंडपात जाहीर वाचायचं, अशी त्यांची पद्धत होती. लिहायचं काम त्यांच्या स्वीय सहायकाकडे, सोमनाथकडे. सोमनाथला लिहिण्याचा भयंकर कंटाळा. त्याने अण्णांना शोधून काढलं, बंगल्यावर नेलं, आणि तात्यासाहेब खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, “या, या, अण्णासाहेब. तुमच्यासारखा जाणता माणूस आम्हाला पाहिजेच होता.”

झालं. पगार नाही, मानधन नाही. एक कप चहा आणि चौथ्या पानाच्या तळाशी ‘संकलन : बहिरू गांगुर्डे’. अण्णांनी ते पान लॅमिनेट करून घेतलं.

तेव्हापासून त्यांची चालच बदलली. सभामंडपात माईक हातात आला की ते सोनतळ्याच्या लोकांना तारांकित प्रश्न म्हणजे काय, लक्षवेधी म्हणजे काय, हे असं समजावत, जणू काल रात्रीच विधानभवनातून परतलेत. कुणी विचारलं, “अण्णा, विधेयक म्हंजी काय?” तर म्हणत, “कायदाच रे बाबा. वाळत घातलेला पापड. तळला का झाला.” लोक हसत, आणि अण्णांना वाटे आपल्याला मान मिळतोय. थोडा मिळतही होता, उगाच खोटं कशाला बोला.

पावसाळी अधिवेशनानंतरच्या पत्रकात तिसऱ्या पानावर चौकट होती : गायरानावरील घरे नियमित करण्यासाठी तात्यासाहेब स्वतः अशासकीय विधेयक मांडणार. सोनतळ्याची निम्मी वस्ती गायरानात, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीत उभी होती. तीस-चाळीस वर्षं कुणी हटकलं नव्हतं, कारण कुणाला पत्ताच नव्हता की नेमकं कोण कुठे राहतंय. जुन्या मोजणीचे कागद वाळवीने खाल्ले होते. गावाचं भलं त्या वाळवीनेच केलं होतं म्हणा ना.

सोमनाथचा फोन आला. “अण्णा, तात्यासाहेबांना सभागृहात प्रश्न लावायचाय. नुसतं तोंडी बोलून भागत नाही. नाव, घराची लांबी-रुंदी, कधीपासून राहतात, सगळं पाहिजे. खाली प्रत्येकाची सही. तुमच्याशिवाय कोण करणार?”

तुमच्याशिवाय कोण करणार! एवढं ऐकल्यावर अण्णा थांबतात होय? दुसऱ्या दिवशी टेप घेऊन ते वस्तीत फिरू लागले. ‘आम्ही खाली सह्या करणार सरकारी गायरानात अनधिकृतपणे घर बांधून राहतो’ हे वाक्य त्यांनी स्वतः रचलं. कायद्याला स्पष्ट भाषा लागते, असं त्यांचं म्हणणं. लोकांची तर झुंबड उडाली. जितकं जुनं तितकं पक्कं, असं कुणीतरी उठवून दिलं, तेव्हा जो तो आपलं घर पाच-पाच वर्षं मागे ढकलू लागला. बयाबाईने तर नुसते चार खांब रोवले होते, वर पत्रा नव्हता. तिने अण्णांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या आणि यादीत नाव घालून घेतलं.

चिमणाबाई अण्णांची धाकटी बहीण, नवरा गेल्यापासून माहेरच्या गावात राहिलेली. तिच्या दोन खोल्या हद्दीवर होत्या. पुढची खोली गावठाणात, म्हणजे तिच्या हक्काची, आणि मागची तेवढी गायरानात. ती म्हणाली, “भाऊ, माझी मागलीच लिव्ह. पुढली तर कागदावर हायेच.”

“तुला काय कळतंय चिमणे? अर्ध्या घराला अर्धाच फायदा. सगळंच गायरानात दाखवतो. नवा कागद तुझ्या नावाचा, कोरा करकरीत.”

चिमणाबाईने अंगठा दिला. भाऊ कचेरीतला, त्याला नाही कळणार तर कुणाला?

आता अण्णांचं स्वतःचं घर. तेही गायरानातच होतं, वस्तीच्या बरोबर मधोमध. यादी लिहिताना बेचाळिसावं नाव झालं, त्रेचाळिसावं झालं, आणि पेन थांबला. सरकारी माणसाचं अतिक्रमण निघालं तर पेन्शनीला धक्का लागतो, असं त्यांनी कचेरीत शंभरदा ऐकलं होतं. माणसाने स्वतःच्या सहीने दिलेला कबुलीजबाब म्हणजे काय चीज असते, हे तर त्यांनी चौतीस वर्षं पाहिलं होतं. अशाच कागदांच्या जोरावर त्यांनी दारोदार नोटिसा डकवल्या होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, आपलं मागाहून बघू.

अण्णा कपटी होते असं मी म्हणणार नाही. कपट करायलाही डोकं चालवावं लागतं. स्वतःच्या घरापाशी त्यांना जे कळलं, ते बहिणीच्या दारात कळलं नाही, एवढंच. पण असं एवढंच म्हणावं लागलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

विधेयक चर्चेला आलंच नाही. प्रश्न मात्र लागला आणि त्याचं छापील उत्तरही आलं. सोमनाथने ते व्हॉट्सअॅपवर पाठवलं. सोनतळे येथे गायरान जमिनीवर घरे आहेत, हे खरे आहे काय? होय, रहिवाशांनी स्वतः सादर केलेल्या यादीनुसार त्रेचाळीस. ती नियमित करण्याचा प्रस्ताव आहे काय? नाही. असल्यास, कार्यवाही काय? अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले आहेत. नसल्यास, विलंबाची कारणे काय? प्रश्न उद्भवत नाही.

अण्णांनी इंदिरानगर गाठलं. तात्यासाहेब नागपूरला निघायच्या घाईत होते. “अण्णासाहेब, आपण प्रश्न मांडला की नाही? मांडला. लोकशाहीत आणखी काय करायचं?” गाडीचं दार लागलं.

नोटिसा आल्या. प्रत्येकीत एकच ओळ ठळक होती : आपण स्वतः दिलेल्या कबुलीनुसार. चिमणाबाई जुना उतारा घेऊन कचेरीत तीन खेपा घालून आली. तिथल्या बाईने तिच्यापुढे यादी धरली. “आजी, तुम्हीच लिहून दिलंय ना, सगळं घर गायरानात? अंगठा तुमचाच ना?” अंगठा तिचाच होता.

जेसीबी मंगळवारी सकाळी आले, तीन. सोबत पोलीस आणि एक तरुण अधिकारी, हातात यादीची झेरॉक्स. तो नाव वाचे, शिपाई खडूने भिंतीवर फुली मारी, मशीन पुढे सरके. मापं इतकी बिनचूक होती की एकदाही टेप काढावी लागली नाही. बयाबाईचे चार खांबसुद्धा सुटले नाहीत. अण्णांच्या घरापाशी अधिकारी थांबला. “हे कुणाचं?” शिपायाने यादी वरून खाली पाहिली. “यात नाय, साहेब.” अधिकारी पुढच्या घराकडे वळला. बहिरूअण्णा दाराआड उभे होते. त्यांनी बाहेर येऊन ‘हेही त्यातलंच’ म्हणायला पाहिजे होतं. ते आले नाहीत.

दुपारपर्यंत वस्तीच्या जागी एकच घर उरलं. अण्णा चिमणाबाईला आणायला गेले. ती विटांच्या ढिगातून भांडी काढत होती. म्हणाली, “तुझ्या घरात नको भाऊ. तिथं झोप नाय लागायची.” ती कालव्याच्या कडेला ताडपत्री टाकून राहिली.

यानंतर तरी अण्णांनी बंगल्याचा नाद सोडला असेल, असं तुम्हाला वाटत असेल. अर्थसंकल्पी अधिवेशन संपलं, सोमनाथचा फोन आला, आणि ते गेले. पत्रक लिहिलं. सातवा मुद्दा सोमनाथने तोंडी सांगितला, तो त्यांनी तसाच उतरवला, एकही खाडाखोड न करता. फक्त एवढं म्हणाले, “सोनतळ्यात दुसऱ्या कुणाला वाचू द्या.” सोमनाथ म्हणाला, “छे! लोकांचा विश्वास तुमच्यावर. आणि या खेपेला स्वतः तात्यासाहेब येणार.”

सभामंडप जीपमधून आणलेल्या माणसांनी भरला होता. तात्यासाहेब मधल्या खुर्चीत. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून चिमणाबाई. अण्णांनी एक ते सहा मुद्दे वाचले, पान उलटलं आणि म्हणाले, “मुद्दा आठवा.”

“सातवा राहिला, भाऊ.”

चिमणाबाई उभी राहिली होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण सहानंतर काय येतं हे कळायला शाळा लागत नाही.

“चिमणे, खाली बस.”

“बसते. आधी सातवा वाच.”

तात्यासाहेबांना ती कोण ते ठाऊक नव्हतं. ते कौतुकाने हसले आणि माईककडे झुकून म्हणाले, “वाचा, अण्णासाहेब. मायमाउली एवढी आवडीने ऐकायला आलीय, तिला निराश करू नका.”

अण्णांनी पान मागे उलटलं. “मुद्दा सातवा. मौजे सोनतळे येथील सोळा एकर गायरान अतिक्रमणमुक्त. रहिवाशांनी स्वेच्छेने यादी सादर करून शासनास मोलाचे सहकार्य केले. सौर प्रकल्पाचा मार्ग मोकळा. आमदारांच्या पाठपुराव्यास यश.”

जीपमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेपर्यंत चिमणाबाई उभी राहिली.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं.”

“मग आता आठवा वाच,” ती म्हणाली आणि खाली बसली.

बहिरूअण्णांनी आठवा वाचला. तो सभामंडपात पंखे बसवण्याबद्दल होता.