बाटलीवरच्या खाचा

कंपाउंडरांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण दवाखाना काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. साधं लिंबू सरबत करायचं तरी हा गृहस्थ आधी कोपरापर्यंत हात धुणार, चष्मा पुसणार आणि मग सहा लिंबं ओट्यावर ओळीने मांडणार. प्रत्येक लिंबू तळव्याखाली फिरवून मऊ करायचं, आडवं कापायचं आणि पिळताना हात आवरता घ्यायचा, कारण साल दाबली गेली की रस कडवट होतो. जोडीला स्ट्रॉबेरीसारखं एखादं फळ असेल तर ते चमच्याने ठेचून, गाळून साखरेच्या पाकात घालायचं. मग लिंबाचा रस, गार पाणी आणि चिमूटभर मीठ. एवढ्यावर थांबले असते तर ते कंपाउंडर कसले! सरबत बाटलीत भरलं की कागदाची एक लांब पट्टी घ्यायची, कात्रीने तिच्या कडेला आठ खाचा पाडायच्या आणि ती बाटलीला उभी चिकटवायची. दवाखान्यात औषधाच्या प्रत्येक बाटलीला ते अशी पट्टी लावत. तिथे एक खाच म्हणजे एक डोस असायचा, इथे एक खाच म्हणजे एक ग्लास.

बाटली बायकोसाठी होती. बाथरूमच्या दारात पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं, पण सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. बारा दिवस हॉस्पिटलात काढून ती घरी आली आणि आठवडाभरात तिला ताप भरला, लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "पोटात भरपूर पाणी गेलं पाहिजे. दहा दिवसांनी परत तपासू. रिपोर्ट असाच आला तर ॲडमिट करावं लागेल."

डॉक्टर गेल्यावर ती कंपाउंडरांना म्हणाली, "मला तिथे परत नेऊ नका. दुसरं काही मागत नाही मी."

"नाही नेणार," कंपाउंडर म्हणाले. शब्द देऊन बसले खरे, पण बाईसाहेब पाण्याला तोंड लावायला तयार नव्हत्या. दोन घोट घेतले की ग्लास बाजूला.

कंपाउंडरांचं उभं आयुष्य एका गोष्टीवर विश्वास ठेवून गेलं होतं. रोगी औषध घेत नसेल तर खोट चवीत आहे. त्यांनी कडू जहर मिश्रणं गोड केली होती, रडक्या पोरांसाठी गुलाबी केली होती. त्यांच्या त्या गुलाबी औषधापायी पोरं खोटं खोटं खोकायची म्हणे. तेव्हा आपल्याच बायकोपुढे हार मानायची? त्यांनी कंबर कसली. कसली म्हणजे खरोखरच, कारण पाठ दुखते म्हणून ते आताशा कमरेला रुंद पट्टा बांधत. सोमवारी अननस, मंगळवारी कलिंगड, बुधवारी संत्रं, असं रोज नवं फळ लिंबाच्या जोडीला येऊ लागलं. आणि रोज रात्री जेवायच्या वेळी बाटली अर्धीअधिक भरलेलीच असायची.

शनिवारी मात्र स्ट्रॉबेरीने नशीब उघडलं. दुपारपर्यंत चार खाचा उतरल्या. "आज जमलंय हं," बायको म्हणाली. कंपाउंडर इतके खूश झाले की रविवारी त्यांनी तीच फळं, तीच मापं, थेंबाचाही फरक न करता तेच सरबत केलं. रविवारी संध्याकाळपर्यंत एकही खाच उतरली नव्हती.

ते बाटली हातात धरून खुर्चीत बसले. चव तीच. पिणारी तीच. मग बदललं काय? बदललं एवढंच, की दहा ते दोन मदतीला येणाऱ्या ताईची रविवारी सुट्टी होती. आता त्यांना बाकीचे दिवसही आठवले. रोज जे काही उतरायचं ते दोनच्या आत. दोननंतर सरबत जसंच्या तसं.

सोमवारी ताई आल्या आल्या त्यांनी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "तू पाजतेस ते पिते. मी पाजतो ते का नाही पीत?"

ताई आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काका, चवीचं काही नाही हो. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. मी असले की मी उचलते. मी नसले की तुम्हाला उचलावं लागतं. त्या दिवशी त्यांना उचलताना तुम्ही 'आई गं' करून ओरडलात ना, ते काकूंनी ऐकलंय. मला म्हणाल्या, तू आहेस तोवरच पिऊन घेते."

ही बाई तहान मारून पडून राहत होती आणि आपण अननस सोलत बसलो होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तिचा रागही आला. रागाच्या भरातच ते खोलीत गेले.

"माझ्या पाठीसाठी स्वतःचा जीव घालवणार आहेस का?"

"तुम्ही पण आडवे झालात तर दोघांना कोण बघणार?" तिने शांतपणे विचारलं.

उत्तर ताईकडे निघालं. "काका, तुम्ही पाठीने उचलता. गुडघ्याने उचलायचं," म्हणत तिने चादरीची घडी करून स्वतःच्याच कमरेभोवती गुंडाळली आणि पलंगाच्या कडेला बसली. "चादर दोन्ही हातांनी धरा. गुडघे वाकवा. आता मला उचला."

कंपाउंडरांनी घाबरत घाबरत उचलली. ताई अलगद उभी राहिली.

"अरे वा," पलंगावरून आवाज आला, "माझ्यादेखत!"

तिघंही हसली. मग चादर बायकोच्या कमरेला आली. पहिल्या वेळी कंपाउंडर डगमगले, दुसऱ्या वेळी ताईला फक्त हात लावावा लागला, तिसऱ्या वेळी ती लांब जाऊन उभी राहिली. पाठीने हूं की चूं केलं नाही.

दोन वाजता ताई गेली. कंपाउंडरांनी ग्लास भरून बायकोच्या हातात दिला आणि उद्याची लिंबं धुवायला आत निघून गेले. तिच्यासमोर उभं राहायचा धीर होत नव्हता. ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो रिकामा होता की भरलेला, ते आवाजावरून कळेना. त्यांनी सहाच्या सहा लिंबं दोनदा धुतली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला.

"अहो," खोलीतून हाक आली, "जरा येता का? मला बाथरूमला जायचंय."

घरी आल्यापासून आज पहिल्यांदाच तिने आपणहून त्यांना बोलावलं होतं.