विटांची भिंत आणि दोन कॅमेरे

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमचे हे माझ्याकडे कधी टक लावून बघत बसलेत असं मला आठवत नाही. विटांकडे मात्र तासन्‌तास बघतात. कॅमेऱ्याचा नाद लागलेल्या माणसांची ही तऱ्हाच असते. नवी लेन्स आली की आधी विटांची भिंत शोधायची, तिचा फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर मोठा करायचा आणि अगदी कोपऱ्यातली वीट धड दिसते का ते तपासायचं. बायकामुलांचे फोटो नंतर, वेळ उरला तर.

आम्ही सिकंदराबादजवळ तारनाक्याला पहिल्या मजल्यावर राहतो. यांना भिंत शोधत फिरावं लागलं नाही. मागच्या गॅलरीसमोर, खालच्या अंगणाच्या कडेला शेजारच्या जुन्या घराची दोन मजली उंच भिंत होती, बिनगिलाव्याची. बिल्डरनं बाकीचं घर पाडलं, आडोसा म्हणून तेवढी एक भिंत ठेवली आणि तिच्या पलीकडे पार्किंगचं तळघर खणायला घेतलं. दगड फोडायचं मशीन सुरू झालं की माझ्या मांडणीवरची भांडी वाजायची.

त्या भिंतीला पाठ लावून मामंजी बसायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे. आयुष्य रेल्वेच्या यार्डात शंटिंग करण्यात गेलेलं, आता कानांनी कमी. रविवारी विहारातून वंदना करून आले की पांढऱ्या शर्टातच प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ऊन खात बसायचे. "इटा तापत्यात, पाठीला बरं वाटतंय," म्हणायचे.

यांना तर आयतंच सापडलं. भिंतीसोबत माणसाची कातडी आणि पांढरा रंगही एकाच फोटोत तपासता येणार होता. मग खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा झाल्या, गॅलरीत ट्रायपॉडच्या पायांशी माझ्या नेलपॉलिशचे ठिपके उमटले. वरून बोललेलं मामंजींना ऐकू जायचं नाही, म्हणून त्यांनीच इशारा ठरवून दिला. दोन्ही हात डोक्यावर उचलले की थांब, हा यार्डातला इशारा. मुलानं हात वर केले की मामंजी पुतळा, आणि तो खाली येऊन सांगेपर्यंत पापणीसुद्धा हलवायचे नाहीत. बापलेकांचा हा खेळ बघून मी खूप हसायचे.

यांचा जुना कॅमेरा क्रॉप सेन्सरचा. थंडीच्या सुरुवातीला यांनी फुल फ्रेम घेतला. म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "पावसात वाटी ठेव आणि परात ठेव. पाणी जास्त कशात पडेल? जुन्याचा सेन्सर वाटी, याचा सेन्सर म्हणजे परात. उजेड जास्त घेतो." परात म्हटल्यावर मला पटलं.

जुना कॅमेरा तेव्हा सिकंदराबादला शटरच्या दुरुस्तीला गेला होता. तुलना करायची तर दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी, एकाच उजेडात लावायला पाहिजेत, हे मला यांनीच शिकवलं होतं. पण धीर कुणाला? नव्या कॅमेऱ्यानं भिंतीचा फोटो काढला आणि जुन्या कॅमेऱ्याच्या उन्हाळ्यातल्या फोटोशेजारी लावून मला हाक मारली.

नव्या फोटोत मामंजींच्या डोक्यामागून एक बारीक रेघ निघाली होती आणि विटांच्या सांध्यांतून पायरी पायरीनं वर चढली होती. उन्हाळ्यातल्या फोटोत तिथं काहीच नव्हतं.

"ही चीर कधी पडली?" मी विचारलं.

"पडली नाही गं, होतीच. क्रॉपला दिसत नव्हती. याला म्हणतात डिटेल."

मला काही ते बरं वाटलं नाही. मी म्हटलं, मामंजींना तिथं बसवू नका. "हौली आहेस का तू? वेड्यासारखं काहीतरी," म्हणाले आणि संध्याकाळच्या कमी उजेडात परत फोटो काढायला गेले. सावलीतसुद्धा ती रेघ स्पष्ट आली, कमी उजेडात फोटोवर येतात ते दाणे जवळजवळ नाहीत. यांनी तो फोटो कॅमेरेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाचा नुसता पाऊस पडला. भिंतीबद्दल एकानंही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी रेघ मला जाड वाटली. आज ऊन तिरपं आहे, हे म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी जाड. आज लेन्स बदलली, म्हणाले. यांच्याकडे उत्तर तयारच असायचं. शेवटी मी खाली जाऊन मामंजींनाच सांगितलं की खुर्ची दुसरीकडे घ्या.

"त्याच्या फोटूची जागा हाय ती, पोरी. हलवली तर त्याला समदं पहिल्यापासून करावं लागंल."

त्या दोघांचाही मला असा राग आला की दुपारचा चहा मी एकटीपुरताच केला.

मग जुना कॅमेरा दुरुस्त होऊन आला. त्या दिवशी रविवार असूनही पलीकडे मशीन चालू होतं. यांनी खुणांवर ट्रायपॉड लावला, हात वर केले, आधी जुन्यानं आणि मग नव्यानं फोटो काढले आणि घाईघाईनं आत येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. मी कणीक मळता मळता मागं जाऊन उभी राहिले.

जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोतही चीर होती. रुंद, काळी, मोठी न करता दिसणारी.

"दुरुस्तीवाल्यानं सेन्सर साफ केलेला दिसतोय," हे म्हणाले. मग त्यांनी उन्हाळ्यातला फोटो उघडला. तोच कॅमेरा, तीच लेन्स, त्याच खुणा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि चिरेवरून बोट फिरवलं.

"भिंतच फाटतेय गं," ते हळूच म्हणाले.

आणि तेव्हा मला आठवलं, फोटो झाला हे खाली जाऊन सांगायला हे आज विसरले होते. मामंजी अजून तिथंच बसलेले असणार.

आम्ही गॅलरीत धावलो. ते तसेच बसले होते, पाठ विटांना लावून, नजर आमच्याकडे. "बाबा, उठा तिथून!" हे ओरडले. मशीनच्या आवाजात मलाच नीट ऐकू आलं नाही. मग यांनी दोन्ही हात डोक्यावर उचलून जिवाच्या आकांतानं हलवायला सुरुवात केली.

मामंजींनी ते बघितलं. पाठ सरळ केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि श्वास रोखून बसले.

"अहो, हात खाली घ्या," एवढं म्हणून मी जिना उतरले. कणकेच्या हातांनीच उतरले. एवढासा जिना संपत नव्हता.

त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, खांद्यावर विटांचा लाल चुरा पडला होता. मी हात धरला. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "झाला का?"

"झाला, मामंजी. छान आला. चला."

ते त्यांच्या चालीनं उठले आणि खुर्ची उचलायला वाकले. मी ती उचलू दिली नाही. त्यांना जिन्यानं वर आणलं, पाणी दिलं, चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत भिंत अंगणात आली. खुर्चीचं नंतर काही सापडलं नाही, नुसते पांढरे तुकडे.

आता मामंजी पुढच्या दाराशी बसतात. दोन्ही कॅमेरे कपाटात आहेत आणि मी ते काढा म्हणत नाही. पण परवा भाजी घेऊन येताना मामंजी रस्त्याच्या मध्यात असताना पलीकडून यांनी हात वर करून त्यांना बोलावलं, आणि ते रिक्षांच्या मधोमध थबकून ताठ उभे राहिले. तेव्हापासून आमच्या घरात त्यांना लांबून कुणी बोलावत नाही. जवळ जायचं, हात धरायचा आणि मग बोलायचं.