आईच्या अंगणातला कॅमेरा

गल्लीत दोन घरांची कुलुपं फुटली, तेव्हा लातूरला एकटी राहणाऱ्या आईच्या अंगणात मी कॅमेरा बसवून घेतला. ऑनलाइन मिळणारा, स्वस्तातला. नांदेडला बसून मला मोबाइलवर अंगण दिसायचं, वाटलं तर त्यातून बोलताही यायचं. चोर काही दिसला नाही. दिसली ती पुढच्या खोलीत नव्यानं राहायला आलेली भाडेकरू पोरगी.

अहमदपूरकडची, नुकतंच लग्न झालेली. नवरा कामाला गेला की ती आईजवळ येऊन बसायची. दोघी ओला हरभरा सोलत गप्पा मारायच्या. आई तोंडाला पदर लावून अंग हलेपर्यंत हसायची. माझ्याशी फोनवर तिचं ठरलेलं, "हाव. जेवले. बरी हाय. ठेव आता."

मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत मोबाइल उघडून बघायला लागले. डबा तसाच राहायचा.

एका दुपारी आई त्या पोरीची वेणी घालताना दिसली. सावकाश, केसांतून हात फिरवत. शाळेला उशीर होतो म्हणून माझे केस आईनं लहानपणीच बारीक कापून टाकले होते. मला राहवलं नाही. कॅमेऱ्यातून बोलले, "आई, ऊन वाढलंय. आत जा."

दोघी दचकल्या. पोरीनं वर बघितलं, ओढणी सावरली आणि अर्धी वेणी तशीच घेऊन उठून गेली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर नुसता अंधार. आईनं कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला होता. फोनही उचलेना. रविवारी मी बस धरली.

आईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "तू बोलल्यापासून ती पोरगी अंगणात येईना. दार लावून बसती."

"तुला तिचंच लई पडलंय. माझ्याशी दोन शब्द बोलवत न्हाईत."

"तुझ्याशी काय बोलू? तू विचारतीस, गोळी घेतली का, गेट लावलं का. ती विचारती, काकू, तुमचं लग्न कसं जमलं."

आईचं लग्न कसं जमलं, हे मलाही माहीत नव्हतं.

शेवटी मीच जाऊन पुढच्या खोलीचं दार वाजवलं. "ये गं, आई वाट बघून राहिली."

ती आली. माझी नजर चुकवत म्हणाली, "ताई, बसा तुम्ही, मी चहा टाकते." साखरेचा डबा कुठंय ते तिला विचारावं लागलं नाही.

चहा घेताना मी आईला म्हणाले, "लग्नाचं सांग की."

आई सांगायला लागली. मुरुडच्या बाजारात आजोबांना बाबांचे काका भेटले, तिथून सुरुवात. मध्येच कुठं ती अडली की पोरगीच पुढचं आठवण करून द्यायची आणि दोघी हसायच्या. मीही हसत होते, आणि आतून जळत होते.

संध्याकाळची बस मी जाऊ दिली. बाबा पहिल्यांदा घरी आले ते आईनं अजून सांगितलं नव्हतं.