विहिरीत टांगलेला केक

वहिनीचा केक विहिरीत मी पाडला. हे आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात तेव्हा वीज नव्हती. बर्फ पाहायचा तर चांद्याला जावं लागे. वहिनी नागपूरची, नवी सून. तिचे वडील पहिल्यांदाच लेकीचं घर पाहायला येणार होते. पोरगी जंगलात दिली, असं ते ज्याला त्याला हळहळून सांगत. जंगलातही आपलं बरं चाललंय हे त्यांना दाखवायचं, आणि तेही थंडगार फळांच्या केकनं, असं तिनं ठरवलं.

आईनं ऐकलं अन् पदर खोचला. "अंडी माह्या चुलीवर नाई!"

म्हणून केक गोठ्यात झाला. पातेल्यात रेती, खाली निखारे, झाकणावर निखारे. केकच्या पोटात पपई, केळी, चारोळी. म्हैस मान वळवून सारखी पाहत होती. साय तिचीच होती. साखर घालून वहिनीनं ती बांबूच्या काड्यांनी फेटली, पिंजलेल्या कापसासारखी फुलवली आणि लोणी व्हायच्या आत थांबली. केकवर साय थापून डबा बंद केला आणि गार व्हायला विहिरीत, पाण्याच्या जरा वर, काठावरच्या आडव्या लाकडाला दोरानं टांगला. गाठ तिनंच मारली.

त्याच लाकडाला आणखी एक दोर होता. तो माझा. खाली मोहाच्या दारूची बाटली. आमच्याकडे दारू विहिरीतच ठेवत. लपतेही, गारही होते.

दुपारी आबकारीचा जमादार अंगणात पाणी मागायला आला. पाणी पिऊन थेट विहिरीकडे निघाला. मी लाकडाला पाठ लावून उभा राहिलो आणि मागे हात नेऊन, चाचपडत, माझ्या दोराची गाठ सोडू लागलो. गाठ हलेना. नख तुटलं. शेवटी सुटली.

धप्प!

बाटलीचा एवढा आवाज होत नाही, हे तेव्हाच कळलं.

"काय पडलं बे?"

"बेडूक."

"लई खाल्लेला दिसते. अन् हा दोर कायचा?"

आई ओसरीवरून ओरडली, "सुनेचा केक हाय तो! अंडी हायेत त्यात, शिवू नोका!"

जमादार माळकरी निघाला. हात मागे घेऊन चालता झाला. ज्या अंड्यांनी मला वाचवलं, ती तळाशी गेली होती. मी बाटली काढून कुंपणापलीकडे रिकामी केली.

संध्याकाळी वहिनी आली, तर दोर नाही. डब्याचं झाकण निघून पाण्यावर सायीचे पांढरे ढग तरंगत होते.

"गाठ मारता येत नाई, अन् चालली केक कराले!" आई म्हणाली.

"ओढून पाहिली होती हो मी. भाऊजी, तुम्ही तर इथंच होता ना?"

"मले काय मालूम?"

तिचे वडील आले. त्याच विहिरीचं पाणी प्यायले. "पाणी गोड आहे हो तुमच्याकडचं!" आम्ही सगळे हसलो. केकचं कळल्यावर ते म्हणाले, "लहानपणापासून धांदरटच आहे." वहिनी उठून गोठ्यात गेली.

तिनं पुन्हा केक केला नाही. पण तेव्हापासून प्रत्येक वस्तूला दोन गाठी मारते. परवा तिनं चारोळीचं पुडकं पाठवलं. ते सोडवताना बायको वैतागली, "काऊन एवढं बांधते हो ही बाई?" मी पेपर वाचत राहिलो.

वहिनीची गाठ पक्की होती. नख माझं तुटलं होतं. हे तिच्यासमोर बसून तिला सांगायचं अजून बाकी आहे.