सिंधूत सोडलेला नारळ

आज नारळी पुनव. दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्यात होडी पाण्यात घालत नाहीत. माझ्या पोराने, सुर्याने, चार दिवस आधीच घातली. वादळ येऊन गेलं, तो आला नाही.

हातातल्या नारळाची शेंडी चाचपताना लडाख आठवलं. तिथे मी रस्त्याच्या कामावर होतो. तिथल्या उन्हाळ्यात सुट्टीला बायको, लहानगा सुर्या आणि मी, आम्ही तिघं सिंधू नदीच्या काठी जायचो, दगडांची चूल मांडून सुका बांगडा भाजायचो. एका नारळी पुनवेला सुर्याच्या आईने गावाहून आणलेला एकुलता एक नारळ काढला. पोरगा रडायला लागला, "माका खावक होयो."

"दर्याचो तो," आई म्हणाली.

"हय खंय आसा दर्यो?"

तिने नदीकडे बोट दाखवलं. "ही न्हंय थय जाता. पोचतलो."

मग त्यानेच तो सोडला. बर्फाच्या पाण्याने बोटं लाल झाली, तरी नारळ दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहिला. मी हसत होतो.

आज त्याची आई किनाऱ्यावरून हलत नाही. मी कधी कुणापुढे हात जोडले नाहीत. आता गुडघाभर पाण्यात शिरून जोडले.

"सुर्या नारळ दिल्याबिगर गेलो म्हणान रागावू नको, दर्याबाबा. त्याचो नारळ त्याने कधीचोच धाडलेलो आसा."